ए ड्राइव्हमधली मराठी

दर काही दिवसांनी फोनवर एक चित्र येतं. एका बाजूला काळी फ्लॉपी, दुसऱ्या बाजूला ऑडिओ कॅसेट, तिच्या दातेरी भोकात खुपसलेली पेन्सिल, आणि खाली ओळ: ‘ज्यांना हे कळलं, त्यांचे दिवस सोन्याचे होते.’ पाठवणारे बहुतेक माझ्याच वयाचे. मीही अंगठा दाखवून मोकळी होते. पण मनातून पटत नाही. फ्लॉपीच्या काळात आम्हाला कोणालाच फ्लॉपी आवडत नव्हती. ती पावसात सादळायची, ड्राइव्हमध्ये अडकायची, आणि ज्या दिवशी काम नडलेलं असेल नेमकी त्याच दिवशी रुसायची. तिच्याबद्दल गहिवरून यायला ती आधी बाजारातून जावी लागली.

हे मी थोड्या अधिकाराने बोलते, कारण माझी उमेदीची वर्षं फ्लॉपीच्या संगतीत गेली. १९९०च्या दशकात पुण्याच्या सदाशिव-नारायण पेठेत जिकडे पाहावं तिकडे ‘येथे संगणकावर अक्षरजुळणी करून मिळेल’ अशा पाट्या लागल्या होत्या. खिळ्यांची जुळणी मागे पडत होती, कंपोझिटर मंडळी निवृत्त होत होती, आणि त्यांच्या जागी आम्ही मुली कीबोर्डवर बसलो होतो. एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर दोन संगणक, एक लेझर प्रिंटर, टेबलाखाली पिरपिरणारा यूपीएस आणि दारात चपलांचा ढीग. संगणकाला धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर काढायच्या. तेच मशीन स्वयंपाकघराच्या फोडणीला मात्र लागून असायचं, त्याचं कोणाला काही वाटत नसे. गणपती उठले की दिवाळी अंकांचा हंगाम सुरू. लेखक मंडळी स्वतः येऊन शेजारी स्टूल ओढून बसत. ‘ताई, एवढा एकच शब्द बदला’ म्हणता म्हणता अख्खा परिच्छेद फिरे, पान फुटे, आणि पुढची चार पानं सरकत. पेजमेकरमध्ये पानं लावायची, बटर पेपरवर प्रिंट काढायची, ती प्लेटवाल्याकडे. चित्रं आणि मुखपृष्ठ असेल तर पॉझिटिव्ह काढायला बाहेर जावं लागे, आणि तिथे फाईल न्यायची म्हणजे फ्लॉपी.

सुरुवातीला सव्वापाच इंची, खरोखरच लवलवणारी. कागदी पाकिटातून काढताना मधल्या खिडकीला बोट लागू नये म्हणून जपायचं. मग साडेतीन इंची आली: कडक कवच, वर सरकतं धातूचं झाकण. हातात काम नसलं की ते झाकण टकटक मागेपुढे करायचा सगळ्यांनाच चाळा. आत मात्र तीच जुनी पातळ चकती, गंज म्हणावा अशा लोहाच्या भुकटीचा थर दिलेली. तिच्यावर ८० वर्तुळं, दोन बाजू, प्रत्येक वर्तुळात १८ कप्पे, प्रत्येक कप्प्यात ५१२ बाइट. गुणाकार करा, १४,७४,५६० येतात. याला १.४४ एमबी म्हणायचे. हा आकडा ना धड हजाराच्या हिशेबातला ना धड १०२४च्या. दोन्हींची भेसळ करून कोणीतरी तो लेबलावर छापला आणि साऱ्या जगाने मान्य केला.

आज ही जागा हास्यास्पद वाटते. फोनने काढलेला एक फोटो तिच्यात मावत नाही. पण मजकुराच्या हिशेबाने पाहा. तेव्हाच्या फॉण्टमध्ये एका खुणेला एक बाइट लागे. पानात दोन हजार खुणा धरल्या, तर तीनशे पानांची कादंबरी सहा लाख बाइटांत बसते. म्हणजे एका फ्लॉपीत दोन कादंबऱ्या, आणि वर प्रकाशकाला लिहायच्या मानधनाच्या पत्राला जागा उरते. लिहिणाऱ्या माणसाला याहून मोठी पेटी खरं तर लागत नाही.

अडचण होती ती नावांची. डॉसमध्ये फाईलचं नाव आठ रोमन अक्षरांत संपवावं लागे. त्यामुळे ‘घरजावई’ या कथेची फाईल ‘घरजावा’ व्हायची, कारण आठवं अक्षर तिथे येऊन थांबे. पुढच्या ‘ई’ला जागाच नाही. कवितासंग्रहांचे तर असे काही हाल होत की कवीला दाखवायची सोय नव्हती. मग खरं नाव बाहेरच्या चिकटपट्टीवर पेन्सिलीने लिहायचं. एका फ्लॉपीवर चिकटपट्ट्यांचे थर साचत: खाली ‘लग्नपत्रिका’, तिच्यावर ‘सोसायटी अहवाल’, तिच्यावर ‘दिवाळी फायनल’, आणि सगळ्यात वर, हमखास, ‘दिवाळी फायनल नवीन’.

मोठी फाईल एका फ्लॉपीत बसेना की तिचे तुकडे करायचे. एआरजे नावाचा एक प्रोग्राम होता. तो फाईल दाबून तिचे फ्लॉपीच्या मापाचे तुकडे पाडून देई. मुखपृष्ठाचं स्कॅन केलेलं चित्र असेल तर पाच-सहा फ्लॉप्यांची चवड रबरबँड लावून पिशवीत घालायची, लुनाला किक मारायची आणि निघायचं. पिशवी स्पीकरपाशी ठेवायची नाही, टेबलावरच्या पंख्याच्या मोटरपाशी ठेवायची नाही. तिकडे पोचल्यावर एकेक फ्लॉपी आत जाई, ड्राइव्ह खरखर करी, आणि आपण श्वास धरून ऐकत राहायचं. खरखर एका लयीत चालू असेल तर ठीक. ती एकाच जागी घुटमळायला लागली की पडद्यावर काय उमटणार ते वाचायची गरज नसे: ॲबॉर्ट, रिट्राय, फेल? बिघडणारी फ्लॉपी शक्यतो शेवटून दुसरी असे. असं का, याला शास्त्रीय आधार नाही. त्या काळी डीटीपीत काम केलेल्या कोणालाही विचारा, हेच सांगेल.

विंडोज ९५ सुद्धा फ्लॉप्यांवर मिळत असे, तेरा फ्लॉप्यांचा संच. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी चकतीवर जास्त दाटीने लिहिण्याची वेगळी पद्धत वापरली होती, एकेका फ्लॉपीत १.६८ एमबी बसवण्यासाठी. त्याच वर्षीच्या, १९९५च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, २४ ऑक्टोबरला सूर्यग्रहण होतं. पुण्यात ते खंडग्रास दिसलं. आमच्या गल्लीतल्या पोरांनी वाया गेलेल्या फ्लॉप्या फोडून आतली काळी चकती डोळ्यासमोर धरली होती. (डोळ्यांना ते घातकच, आता कोणी करू नका.) फुकट गेलेल्या फ्लॉपीचा एवढा उपयोग मी पुन्हा पाहिला नाही. सीडीचं नशीब त्या मानाने बरं. ती संपल्यावरही रिक्षाच्या मागे लटकली, गॅलरीत कबुतरं हाकलायला टांगली गेली, गणपतीच्या मखरात चमकली.

फ्लॉपीबरोबर रोगराईही फिरे. १९८६चा ‘ब्रेन’ हा लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला व्हायरस. त्यात त्यांनी चक्क आपलं नाव, पत्ता आणि फोन नंबर घातला होता. इतका सज्जन व्हायरस नंतर झाला नाही. पण आमचा लाडका होता ‘जोशी’. तो १९९०मध्ये भारतात सापडला. फ्लॉपीच्या पहिल्या कप्प्यात लपून बसे आणि दर वर्षी ५ जानेवारीला मशीन गोठवून टाके. पडद्यावर फर्मान निघे, ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाईप करा. केलंत, तर सुटका. हा जोशी कोण, कुठल्या आळीतला, त्याचा वाढदिवस खरंच ५ जानेवारीला असतो का, यावर पेठेत चहाच्या टपरीवर बऱ्याच चर्चा झडल्या. आता प्रत्येक चौकातला फ्लेक्स आणि प्रत्येक ग्रुप आपल्याकडून शुभेच्छा वसूल करतो, तेव्हा मला वाटतं, तो माणूस काळाच्या फार पुढे होता.

मग तारेतून फाईल जायला लागली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह चार महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. मोडेमच्या त्या किंचाळण्याची आठवण सगळेच काढतात, पण ते किंचाळणं नव्हतं, बोलणी होती. दोन यंत्रं एकमेकांना आपण कोण ते सांगत, तार किती खराब आहे ते जोखत, आणि कोणत्या वेगाने बोलायचं ते ठरवत. मधला एक लांबलचक स्वर २१०० हर्ट्झचा असे; वाटेतल्या टेलिफोन यंत्रणेने प्रतिध्वनी दाबण्याचं काम थांबवावं, यासाठीची ती सूचना. १४.४च्या मोडेमवरून भरलेली एक फ्लॉपी पाठवायची तर सगळं सुरळीत असतानासुद्धा चौदा मिनिटं लागत. सुरळीत असे कधी? मधेच कोणीतरी आतल्या खोलीतून फोन उचले. तेवढ्या वेळात मी लुनावरून नारायण पेठेतून डेक्कनला फ्लॉपी देऊन परत येत असे. म्हणून आमच्या धंद्यात बरीच वर्षं इंटरनेटपेक्षा लुनाच वरचढ ठरली.

घरी मात्र इंटरनेटचं अप्रूप वेगळं होतं. पेठेतल्या निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी अमेरिकेत गेलेलं. तोवर निळ्या हवाई पत्रांवर चालायचं. १९९६च्या जुलैत हॉटमेल निघालं, त्यात दोन एमबीची टपालपेटी फुकट मिळे, म्हणजे दोन फ्लॉप्यांत मावेल एवढी. तेवढ्यासाठी मावश्या आणि काकू सायबर कॅफेच्या प्लायवूडच्या खुराड्यात जाऊन बसू लागल्या. वहीत नाव आणि वेळ लिहायची, तासाचे पैसे मोजायचे, आणि रोमन अक्षरांत मराठी टंकायचं. बापरे, ती मराठी! कोण ‘आहे’साठी तीन अक्षरं लिही, कोण पाच. ‘ण’ आणि ‘न’ एक झाले, ‘ळ’ गेला, ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न मिटला. मुद्रितशोधनाची नजर असलेल्या आम्हाला ते वाचवत नसे. परदेशातले काही लोक त्याहून काटेकोर होते. यूजनेटवर मराठी मंडळींचा गट होता, तिथे आणि इतरत्र अविनाश चोपडे यांची आयट्रान्स पद्धत चाले: ‘ण’साठी कॅपिटल एन, ‘ळ’साठी कॅपिटल एल. बिनचूक, पण दिसायला भयंकर. वाक्याच्या मध्येच कॅपिटल अक्षरं उभी, जणू कोणी ओरडतंय. आम्ही त्याला नावं ठेवायचो. आमच्या फॉण्टमधली मराठी कशी, गोंडस वेलांट्या, घाटदार काने, जोडाक्षरं उभी हवीत तर उभी, आडवी हवीत तर आडवी. आमच्या लेखी ती खरी मराठी होती आणि ही नुसती सोय.

आता माझ्याकडच्या एका खोक्याकडे येते. अक्षरजुळणीचं ते दुकान केव्हाच बंद झालं. आवराआवरीत काही फ्लॉप्या माझ्याकडे आल्या, बुटाच्या खोक्यात राहिल्या. अलीकडे एका बंद पडलेल्या दिवाळी अंकातले लेख कोणाला तरी हवे होते, म्हणून यूएसबीला लागणारा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला आणि बसले. काही चकत्यांवर पांढरी बुरशी जाळ्यासारखी पसरली होती, ती आपल्या पावसाळ्याची देणगी. त्या बाजूला ठेवल्या. बुरशीची फ्लॉपी आत घातली तर ती ड्राइव्हचं डोकंही खराब करते. पण बऱ्याचशा चालल्या! ती ओळखीची खरखर, मग फाईलींची यादी, आठ-आठ अक्षरांची. मी खूश. एक फाईल उघडली.

पडद्यावर पौंडाचं चिन्ह, टोपी घातलेला ए, उलटं प्रश्नचिन्ह, पाव, अर्धा, परिच्छेदाची खूण, पुन्हा पौंड. पानंच्या पानं.

फाईल शाबूत होती. एक बाइट हलला नव्हता. फक्त ती मराठीत नव्हती, आणि खरं सांगायचं तर कधीच नव्हती.

याचं कारण फार गूढ नाही. तेव्हाच्या संगणकात एका फॉण्टला जास्तीत जास्त २५६ घरं, आणि ती इंग्रजी व युरोपीय अक्षरांसाठी आखलेली. देवनागरीवाल्यांनी त्याच घरांत आपली अक्षरं नेऊन बसवली. एका घरात अर्धा ‘स’, एकात काना, एकात रफार. संगणकाला मराठीचा पत्ताही नव्हता. कृतिदेव फॉण्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहिला, तर संगणकाच्या लेखी तो फक्त ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच. आपण ‘मराठी’ वाचतो ते त्या पाच अक्षरांवर फॉण्टने चढवलेल्या मुखवट्यामुळे. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम, प्रत्येकाच्या घरांची वाटणी निराळी. सर्वांसाठी एक सामाईक सांकेतिक पद्धत भारतीय मानक म्हणून १९९१मध्ये ठरलेली होती, आयएस १३१९४. पण छपाईच्या धंद्यात महत्त्व दिसण्याला. पान देखणं निघालं पाहिजे, ते संगणकाला कळलं पाहिजे असं कोण म्हणणार? यात मी कोणाला दोष देत नाही. त्या घरांत तेवढीच सोय होती, आणि त्या लोकांनी केली ती कारागिरीच होती. शिवाय मराठीचं सॉफ्टवेअर महाग, त्याच्या चोरट्या प्रती निघू नयेत म्हणून संगणकामागच्या प्रिंटरच्या खोबणीत एक छोटं डोंगल लावावं लागे. डोंगल नाही तर मराठी नाही. ती रुंद खोबणी आजच्या संगणकांना नसते. डोंगल मात्र माझ्या खोक्यात आहे, अगदी नव्यासारखं.

जुन्या फॉण्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या सामाईक पद्धतीत, आणणारी साधनं आहेत. पण फॉण्ट कोणता ते आधी ठाऊक हवं, आणि नुसत्या मजकुराच्या फाईलीत ते लिहिलेलं नसतं. ठाऊक असलं तरी वेलांटी आणि रफार घोळ घालतात. जुन्या पद्धतीत अक्षरं दिसतात त्या क्रमाने टंकायची, म्हणून पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येई. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं उलट. जोडाक्षरावर वेलांटी आणि त्यावर रफार असं काही आलं की रूपांतर करणारा प्रोग्राम गांगरतो आणि वेलांटी शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसते. म्हणजे पुन्हा मुद्रितशोधन, तेही मूळ प्रत शेजारी ठेवून.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या माझ्या एका मावसबहिणीने जुन्या ई-मेलांचा गठ्ठा काढला. ते तिने वेळोवेळी एका संगणकावरून दुसऱ्यावर उतरवत आणले होते. ते सगळे उघडले आणि वाचता आले. एकेक ओळ. आजीच्या पथ्याची चौकशी, पाठवलेल्या भाजणीची पोच, कोणाच्या मुंजीचा वृत्तान्त, सगळं त्या विद्रूप रोमन मराठीत. यूजनेटवरचं आयट्रान्समधलं लेखनही आज जिथे जपलं गेलं आहे तिथे जसंच्या तसं वाचता येतं, आणि नियम पक्के असल्याने यंत्र त्याचं देवनागरी क्षणात करून देतं. ज्याला आम्ही नावं ठेवली ते टिकलं, कारण ते साध्या रोमन अक्षरांत होतं आणि कोणत्याही मुखवट्यावर अवलंबून नव्हतं. आणि जिच्या वेलांट्यांसाठी आम्ही रात्री जागवल्या, ती मराठी पौंडाच्या चिन्हांत अडकली आहे.

मला त्या खोक्यापुढे बसल्यावर पेशवे दफ्तर आठवलं. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. कागद चांगला, शाई ठसठशीत, आणि भाषा तर आपलीच. वाचणारे मोजके. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत शिकवली जात होती, ती गेली आणि दोन पिढ्यांत आजोबांची वही नातवंडांना परकी झाली. पण मोडी निदान शिकता येते. तिचे वर्ग भरतात, पुस्तकं आहेत, शे-दोनशे वर्षांनीही कोणी जिद्दीने बसला तर वाचेल. एखाद्या विस्मृतीत गेलेल्या फॉण्टच्या २५६ घरांची वाटणी कोणत्या वर्गात शिकवणार?

युनिकोडची गोष्ट मला म्हणूनच नुसती तांत्रिक वाटत नाही. १९९१च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. २००० साली विंडोजमध्ये ती आली, आणि तिच्याबरोबर ‘मंगल’ हा फॉण्ट आला. तो रेखाटला र. कृ. जोशींनी, आयआयटी मुंबईतले सुलेखनकार आणि मराठीतले कवी. (व्हायरसवाल्या जोशांशी संबंध नसावा.) आम्ही डीटीपीवाल्यांनी ‘मंगल’ला नाक मुरडलं, छपाईत शोभत नाही म्हणालो. पण ‘क’ला ‘क’ म्हणून ओळखणारं मराठीचं पहिलं घर सर्वसामान्यांच्या संगणकावर त्यानेच बांधलं. अडचणी राहिल्याच. ‘ॲ’ या आपल्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळायला २००८ उजाडलं. आणि छपाईचा धंदा पुढेही बरीच वर्षं जुन्या फॉण्टवरच राहिला, कारण पेजमेकरला युनिकोडची देवनागरी जमत नव्हती. त्याची शेवटची आवृत्ती २००१ची. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची सोय थेट मिळू लागली ती २०१२च्या सुमारास. म्हणजे खिळे सुटल्यापासून युनिकोड छापखान्यात पोचेपर्यंत वीसेक वर्षं गेली. त्या वर्षांतले दिवाळी अंक, प्रबंध, गावोगावचे गॅझेटवजा ग्रंथ, ज्ञातीच्या स्मरणिका, पहिले कवितासंग्रह, सगळं अशाच फॉण्टांत आणि फ्लॉपी, झिप डिस्क, सीडी यांवर. कोणाला एखाद्या १९९६च्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची असेल तर प्रकाशक आता काय करतात? छापील प्रत शोधतात आणि ती पुन्हा टाईप करतात. १९३०च्या पुस्तकाचंही तेच करतात. मधली साठ वर्षं आणि अख्खा संगणक यांचा त्यात काडीचा उपयोग नाही.

इंटरनेटवरचं गेलं, त्याची हळहळ सगळे करतात. जिओसिटीज २६ ऑक्टोबर २००९ला बंद झालं, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला. जिओसिटीजवर परदेशातल्या मराठी लोकांनी आरत्या, पाककृती, गावच्या देवळांचे फोटो टाकलेले असत. लुकलुकणारी पणती आणि पाहुण्यांची संख्या मोजणारा आकडा ठरलेला. आरती हटकून चित्राच्या रूपात, कारण अक्षरांचा भरवसा नव्हता. त्यातलं जितकं आज दिसतं ते आर्काइव्ह टीम आणि इंटरनेट आर्काइव्हच्या लोकांनी बंद व्हायच्या आत धावपळ करून उतरवून घेतलं म्हणून. ते मराठीतले नव्हते, त्यांना आरतीशी देणंघेणं नव्हतं, तरी उतरवलं. आमच्या पेठेतली खोकी उतरवायला असं कोणी आलं नाही, येणारही नाही.

आणि फ्लॉपी मेली म्हणतात तेही खरं नाही. सोनीने तिचं उत्पादन थांबवून विक्री बंद केली २०११मध्ये. पण जपान सरकारने आपल्या नियमांतून तिची सक्ती काढून टाकली ती थेट २०२४मध्ये, आणि बोइंग ७४७-४०० विमानांच्या दिशादर्शनाची माहिती कित्येक वर्षं साडेतीन इंची फ्लॉपीवरूनच भरली जात होती. तिथे कोणीतरी पगारी माणूस त्यासाठी जबाबदार होता. मराठी मजकुराच्या फ्लॉपीला असा माणूस मिळाला नाही, एवढाच फरक. ती संपादकाच्या मुलाकडे, निवृत्त ऑपरेटरच्या माळ्यावर, किंवा बंद झालेल्या छापखान्याच्या खणात आहे. त्या चकत्यांचं चुंबकत्व दहा-वीस वर्षांसाठी धरलेलं, आणि ती मुदत बहुतेकांची उलटून गेली आहे.

म्हणून फ्लॉपीचं चित्र पाठवणाऱ्यांना माझं सांगणं आहे. तुम्ही त्या काळी डीटीपी केली असेल, एखाद्या अंकाचं संपादन केलं असेल, प्रबंध टाईप करून घेतला असेल, तर या पावसाळ्याच्या आत माळा उघडा. बुरशी न लागलेल्या फ्लॉप्या वेगळ्या काढा. फाईल उतरवून घेतलीत की सोबत एका कागदावर फॉण्टचं नाव लिहा, आठवत नसेल तर तेव्हाच्या ऑपरेटरला फोन करून विचारा. ती माणसं अजून आहेत आणि त्यांना हे नक्की आठवतं. यूएसबीला लागणारा ड्राइव्ह अजून मिळतो. आणि अंकाची किंवा पुस्तकाची छापील प्रत घरात असेल तर ती रद्दीत घालू नका. फाईल वाचता आली तरी वेलांट्या जागेवर आहेत की नाहीत, हे पडताळायला तीच लागते.